‘मागणी नाही’ हा शेरा मागे घ्या

प्रति,
राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचं धोरण ठरवणारे, अनुदान वाटणारे आणि गावोगावच्या ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांवर असलेले सर्व जण,

सविनय नमस्कार.

वार्षिक ग्रंथमोजणी संपली की बाद करायच्या पुस्तकांची यादी तयार होते. वाळवी लागलेली, पानं गळलेली, पुन्हा शिवता न येणारी पुस्तकं त्या यादीत जायलाच हवीत. पण त्यांच्याबरोबर दरवर्षी काही धडधाकट पुस्तकंही जातात. तेलुगू, कन्नड, उर्दू, बांगला, तमिळ, सिंधी. दाखल नोंदवहीत ती सगळी ‘इतर भाषा’ या एकाच नावाखाली आलेली असतात आणि जाताना शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द घेऊन जातात : ‘मागणी नाही’.

हा शेरा आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर बसणारे ग्रंथपाल, सहायक, लिपिक. आमच्या अक्षरात लिहिलेली ही गोष्ट खरी नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मागणी नाही असं म्हणायला आधी माणूस आत यावा लागतो, त्याला सभासद होता यावं लागतं, त्याची भाषा कपाटात दिसावी लागते आणि तिथं वाचण्याजोगं काही असावं लागतं. या चारही ठिकाणी आपण अडसर घालून ठेवले आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड.

आधी माणसांचा हिशोब. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्यांतल्या सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी. उरलेले साडेतीन कोटींच्या घरात जातात. हिंदी सुमारे १३ टक्के, उर्दू सुमारे ७ टक्के, मग गुजराती, तेलुगू, कन्नड आणि पुढच्या भाषा. हे सगळे काल-परवा आलेले नाहीत. सोलापूरच्या हातमागा-यंत्रमागांभोवती तेलुगू आणि कन्नड घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. धारावीत तमिळ आहे. उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे शहर झालं. गडचिरोली-चंद्रपूरकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आणि दरवर्षी नव्यानं येणारे वेगळे : बांधकामावर ओडिया, बिहारी, बंगाली, रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला आणि मासेमारीच्या बोटींवर नेपाळी. मुंबई महापालिका आजही आठ माध्यमांच्या शाळा चालवते. म्हणजे तमिळ किंवा कन्नड माध्यमात शिकणारं मूल आपल्याच पैशानं वाचायला शिकतं आणि शाळा सुटली की त्या लिपीतलं एकही पुस्तक त्याला जवळच्या ग्रंथालयात मिळत नाही.

पहिली तक्रार ही, की कुठल्या गावात कुठली भाषा वाचली जाते हे ग्रंथालयांना कुणी विचारत नाही आणि ग्रंथालयंही स्वतःहून मोजत नाहीत. जनगणनेचा आकडा पुस्तकखरेदीला पुरत नाही. त्यातल्या ‘हिंदी’त भोजपुरी येते, राजस्थानीच्या बोली येतात, लमाणीही येते. बंजारा तांड्यावरची मुलगी घरी गोरमाटी, म्हणजे ही लमाणीच, बोलते आणि वाचते मराठी. तिच्यासाठी हिंदी पुस्तकं घेऊन ठेवली तर ती पडूनच राहणार. उल्हासनगरची सिंधी आजी अरबी वळणाच्या ५२ अक्षरांच्या लिपीत वाचते. तिच्या नातवाला ती लिपी येत नाही, त्याला सिंधी हवी तर देवनागरीत हवी. भाषा एक, पण कपाटं दोन लागतात.

मोजणी अवघड नाही. तीन रकान्यांची एक वही वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ ठेवायची : घरात काय बोलता, कुठली लिपी वाचता येते, मुलांची शाळा कुठल्या माध्यमाची. तिन्ही प्रश्न वेगळेच विचारायचे, एकात गुंडाळले की चूक होते. तीच वही घेऊन एक माणूस पंधरा दिवसांत मोबाइल रिचार्जचं दुकान, रेशन दुकान, अंगणवाडी, बाजाराच्या दिवशी भाजीबाजार आणि वस्तीतली खाणावळ इथं तासभर बसला की चित्र स्पष्ट होतं. खाणावळ सोडू नका. एकट्यानं राहणारे पुरुष कामगार तिथंच भेटतात. बायकांची नोंद मात्र अंगणवाडीतच होते आणि ती वेगळी धरावी लागते, कारण एकाच घरात नवरा हिंदी वाचतो आणि बायकोला फक्त ओडिया येते, असं वरचेवर दिसतं.

दुसरी तक्रार दाराची आहे. कुणाला ती किरकोळ वाटेल, पण आमच्या मते सर्वांत जास्त वाचक इथंच गळतात. दारावरची पाटी मराठीत, क्वचित इंग्रजीत. आत शांतता. उंबऱ्याशी चपलांची ओळ. आलेला माणूस त्या ओळीकडे बघतो, चपला काढायच्या की घालून जायचं हे त्याला कळत नाही. पायाला सिमेंट लागलेलं असतं. टेबलामागून कुणी मान वर करत नाही. तो दारातूनच फळ्यावर लावलेलं वर्तमानपत्र उभ्या उभ्या वाचतो आणि जातो. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. वर्षाखेरीस आपण लिहितो, मागणी नाही.

यावर खर्च जवळजवळ नाही. दाराबाहेर, आतून नव्हे, गावातल्या प्रमुख तीन-चार लिप्यांत एक फलक हवा : आत या, बसून वाचायला पैसे लागत नाहीत, सभासद असण्याची गरज नाही, चपला इथं ठेवा, पाणी आत आहे. मजकूर त्या भाषेच्या शाळेतल्या शिक्षकाकडून लिहून घ्यावा आणि रंगवून झाल्यावर पुन्हा त्यांच्याकडूनच तपासून घ्यावा. मशीनचं भाषांतर तसंच छापलेले फलक आम्ही पाहिले आहेत. त्यांत ‘देवघेव’चा अर्थ व्यापार झालेला असतो. शिवाय तेलुगू-कन्नडसारख्या लिप्यांचा फॉन्ट छापखान्याच्या संगणकात नसला की जोडाक्षरं सुटी होऊन पडतात. त्या भाषेच्या माणसाला असा फलक पहिल्या नजरेत सांगतो की, हे आपल्यासाठी कुणी मनापासून केलेलं नाही.

वेळेचंही तसंच. सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास अशी आपली वेळ पेन्शनर आणि विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून ठरली. यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते. बांधकामावरचा माणूस अंधार पडल्यावर मोकळा होतो आणि मग स्वयंपाकाला लागतो. सगळे दिवस वेळ वाढवा असं आमचं म्हणणं नाही, तेवढी माणसं आपल्याकडे नाहीत. आठवड्यातला एकच दिवस, त्या वस्तीच्या सुट्टीचा, रात्री साडेनऊपर्यंत उघडं राहावं. यंत्रमागाच्या गावात ती सुट्टी शुक्रवारी असू शकते, बांधकामावर बाजाराच्या दिवशी. आपली साप्ताहिक सुट्टी नेमकी त्याच दिवशी असेल तर ती बदलावी.

तिसरी तक्रार सभासदत्वाची. अर्जावर स्थानिक पत्त्याचा पुरावा मागतात, कुठं दोन सभासदांची शिफारस, कुठं अनामत आणि वर्षाची वर्गणी एकदम. स्थलांतरित माणसाच्या आधार कार्डावर त्याच्या गावचा पत्ता असतो. खोली दहा जणांत घेतलेली असते, भाडेकरार एकाच्या नावावर, बहुतेक वेळा तोही नसतो. वीजबिल घरमालकाचं. तो हंगामी असेल तर वर्षाची वर्गणी त्याला परवडत नाही असं नव्हे, ती त्याच्या वर्षात बसत नाही. बोटीवरचा नेपाळी खलाशी १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठताना येतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातो.

यावर तोडगा म्हणून मुकादमाची किंवा ठेकेदाराची हमी घ्या, असं काही मंडळांत सुचवलं जातं. कृपा करून तसं करू नका. ज्याच्या हातात मजुरी आहे त्याच्याच हातात पुस्तकाची किल्ली दिली की मजूर पुस्तक मागायला येत नाही. त्यापेक्षा हंगामी सभासदत्व ठेवा : चार महिने, एका वेळी एक पुस्तक, फोटो असलेलं कुठलंही एक ओळखपत्र, मोबाइल नंबर आणि तिथल्या तिथं त्यावर एक मिस्ड कॉल देऊन केलेली खात्री. अनामत नको, किंवा पन्नास रुपये. पुस्तक शक्यतो कागदी बांधणीचं. काही पुस्तकं परत येणार नाहीत. शंभरातली दहा गेली तरी चालतील असं आधीच ठरवून अंदाजपत्रकात धरा. आज हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. त्यामुळे अनोळखी माणसाला पुस्तक देताना त्याचा हात आखडतो. तो दुष्ट नसतो, त्याला पुढच्या तपासणीची भीती असते.

इथंच एक गंभीर गोष्ट सांगतो. बांगला बोलणारा मजूर दिसला की तो बांगलादेशी असणार, असा संशय सध्या सहज घेतला जातो. पश्चिम बंगालच्या माणसाला त्याची मातृभाषा चारचौघांत बोलायची धास्ती वाटू लागली आहे. अशा वेळी ग्रंथालयाच्या अर्जात भाषेचा रकाना घातला तर तो रकानाच त्याला घाबरवेल. म्हणून गावातल्या भाषांच्या मोजणीची वही नावांशिवाय ठेवायची आणि सभासदाचा अर्ज भाषेशिवाय. दोन्ही एकत्र कधीच आणायच्या नाहीत. सभासदाची नोंद देवघेवीपुरती आहे आणि कायदेशीर लेखी आदेशाशिवाय ती कुणालाही दाखवली जाणार नाही, हे कार्यकारी मंडळानं ठराव करून भिंतीवर लावावं.

चौथी तक्रार पुस्तकांच्या नोंदीची. ती आमच्या कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

‘इतर भाषा’ हा वर्ग मुळात मोडीत काढा. त्याखाली जे पुस्तक गेलं ते हरवलं असंच समजा. नोंद करणाऱ्याला लिपी वाचता येत नाही, तो मुखपृष्ठावरचा आकडा किंवा चित्र बघून काहीतरी लिहितो. ‘तेलुगू कादंबरी, निळं कव्हर’ अशा नोंदी खरोखर आढळतात. बांगला आणि असमिया लिपी जवळजवळ सारखी दिसते, त्यामुळे असमिया पुस्तक बांगलात जाऊन बसतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे ‘र’. असमियातला र पोटात आडवी रेघ असलेला, बांगलातला खाली टिंब असलेला. कन्नड आणि तेलुगूची गल्लतही रोजची. आपल्याला फरक दिसला नाही तरी वाचकाला तो लांबून दिसतो आणि चुकीच्या कपाटासमोरून तो निघून जातो.

प्रत्येक पुस्तकाची नोंद तीन ओळींत व्हावी. पहिली त्याच्या स्वतःच्या लिपीत, युनिकोडमध्ये. दुसरी देवनागरीत, म्हणजे आम्हाला शोधता येईल. तिसरी भाषेचा तीन अक्षरी संकेत, जो संगणकीय सूचीत आंतरराष्ट्रीय पद्धतीनं ठरलेला आहे. सूचीसाठी ई-ग्रंथालय ही संगणक प्रणाली वापरा की कोहा, हे तिन्ही त्यांत बसतं. देवनागरीत उतरवताना दोन ठिकाणी अडतं. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे नाव कसं उच्चारायचं हे लिपीवरून ठरत नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. या दोन भाषांसाठी ती वाचणारा माणूस शेजारी बसवल्याशिवाय नोंद करू नका. तासाला शंभर-दीडशे रुपये मानधन दिलं तर त्या माध्यमाच्या शाळेतले निवृत्त शिक्षक आनंदानं येतात, आणि पन्नास पुस्तकांचं काम दोन बैठकांत होतं.

उर्दू पुस्तक हातात घेऊन पाहा. आपण ज्याला मागचं कव्हर म्हणतो ते त्याचं पुढचं. सवयीनं शिक्का, दाखल क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी आपण आपल्या पहिल्या पानावर लावतो, ते त्याचं शेवटचं पान निघतं. कधी कधी चिठ्ठीला लावलेल्या डिंकानं कथेचा शेवटच झाकला जातो. बाइंडरकडे पाठवलं की तो कण्यावरचं नाव उलट्या बाजूनं छापून आणतो, किंवा शिवणच डावीकडे घालतो. मग ते पुस्तक उघडायलाच नको वाटतं. उर्दू, अरबी वळणाची सिंधी, काश्मिरी अशा पुस्तकांच्या पुढच्या कव्हरवर बाइंडरसाठी पेन्सिलनं बाण काढून ठेवा आणि मांडणीवर ती उजवीकडून डावीकडे लावा. वाचकाची नजर तशीच फिरते.

वर्गांकाचा हट्ट मात्र या कपाटापुरता सोडावा, असं आमचं मत आहे. विषयानुसार पुस्तकांना आकडे देणाऱ्या ड्युईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, हिंदी ८९१.४३, बांगला ८९१.४४ असं जवळजवळ येतं, पण तमिळ ८९४.८११, कन्नड ८९४.८१४ आणि तेलुगू ८९४.८२७ तिकडे लांब जातात. मोठ्या ग्रंथालयात ते योग्यच आहे. दोनशे पुस्तकांच्या कपाटात मात्र आधी भाषेचं नाव, तिच्याच लिपीत, ठळक, डोळ्यांच्या उंचीवर, आणि मग मुलांची, कामाची, गोष्टींची अशी तीन खणांत विभागणी पुरते. कपाट उघडं हवं. काचेचं आणि कुलूपबंद नको. किल्ली मागावी लागली की मागणी संपते.

पाचवी तक्रार, कपाटात काय ठेवलं आहे. इतर भाषांची पुस्तकं आपल्याकडे बहुतेक देणगीतून येतात. कुणाचं घर रिकामं झालं, कुणाचे वडील वारले, की गठ्ठा ग्रंथालयात. त्यात जुनी गाइडं, पंचांगं, एकाच पंथाची प्रवचनं आणि ज्याचा पहिला भाग नाही असा दुसरा भाग. देणगी देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण अशा गठ्ठ्यावर वाचक उभा राहत नाही. ओडिशाहून आलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाला काय हवं असतं, हे त्याला विचारलं तर तो सांगतो : भरतीच्या परीक्षेची पुस्तकं, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबिंगचं काम शिकवणारी, क्रिकेट, आपल्याकडच्या गोष्टी आणि मराठी शिकवणारं काहीतरी. आईला हवं असतं मुलाला वाचून दाखवता येईल असं, मोठ्या अक्षरांचं.

पुस्तकं मिळत नाहीत ही सबब खरी नाही. नॅशनल बुक ट्रस्ट अनेक भारतीय भाषांत स्वस्त पुस्तकं काढतं. साहित्य अकादमी २४ भाषांत प्रकाशनं करते, तिचं मुंबईचं कार्यालय दादरला आहे. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीव्हीवर या संकेतस्थळावर मुलांच्या हजारो गोष्टी खुल्या परवान्यानं आहेत, त्या छापायलाही परवानगी आहे. चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापून मधे दुमडून दोन पिना मारल्या की सोळा पानांचं पुस्तक होतं. फक्त फाइल छापायला देण्यापूर्वी फॉन्ट आत बसवलेला आहे ना हे बघा, नाहीतर फलकासारखीच अक्षरं फुटतात.

अडचण पैशाची आहे आणि ती आम्ही नाकारत नाही. अनुदानाच्या सर्वांत खालच्या, म्हणजे ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजार होतं, काही वर्षांपूर्वी ६० टक्के वाढ होऊन ते ४८ हजार झालं. त्यातलं निम्मं वेतनाला गेलं की २४ हजारांत वीज, वर्तमानपत्रं, बाइंडिंग आणि वर्षभराची पुस्तकं. तिथं तेलुगूचं कपाट घ्या म्हणणं ही चेष्टा ठरेल. म्हणूनच आम्ही पेटी मागतो आहोत.

चाळीस पुस्तकांची एक पेटी. कागदी बांधणीचं पुस्तक सरासरी अडीचशे ग्रॅम धरलं तर पुस्तकांचं वजन दहा किलो, एक माणूस उचलतो. दीडशे रुपये सरासरी किंमत धरली तर पुस्तकं सहा हजारांत. पंधरा मुलांची, दहा कामाची आणि परीक्षेची, दहा गोष्टी-कादंबऱ्या, पाच नवसाक्षरांसाठी मोठ्या टाइपातली. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन्ही लिप्यांत यादी चिकटवलेली. एका भाषेच्या अशा पाच वेगवेगळ्या पेट्या जिल्ह्यानं केल्या आणि ती भाषा वाचणारी पाच ग्रंथालयं एका साखळीत बांधली, तर दर चार महिन्यांनी पेटी पुढं सरकते आणि प्रत्येक ग्रंथालयाला वीस महिन्यांत दोनशे पुस्तकं मिळतात. एकूण खर्च ३० हजार, वाट्याला सहा हजार. चार महिने हा काळ मुद्दाम धरला आहे. चाळीस पुस्तकांचं कपाट रोज वाचणारा माणूस तेवढ्यात संपवतो. कपाट बदललं नाही की तो येणं थांबवतो. एकदाच पुस्तकं घेऊन कायमची ठेवली तर दुसऱ्या वर्षी ‘मागणी नाही’ हा शेरा खराच ठरतो.

पेटी ही आपली जुनीच रीत आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तिच्यात फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या गावोगाव जात. गुजराती मुलखातल्या त्या संस्थानानं मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकंही ठेवली. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं, हैदराबादचं मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२चं. घर सोडून लांब गेलेल्या मराठी माणसाला स्वतःच्या भाषेतलं पुस्तक काय देतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या मराठी पुस्तकांच्या पेट्या दुबईपर्यंत जातात, याचा आम्हाला अभिमान आहे. दुबईतल्या मराठी माणसाला जे मिळावं असं आपल्याला वाटतं, तेच भिवंडीतल्या तेलुगू माणसाला आपल्याकडून मिळावं.

जगातही याला नवं कुणी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ग्रंथालयानं नव्यानं आलेल्यांसाठीचा कार्यक्रम १९७७मध्ये सुरू केला. बहुसांस्कृतिक ग्रंथालयांचा जाहीरनामा ग्रंथालयांच्या जागतिक महासंघानं २००६ साली स्वीकारला, युनेस्कोनं त्याला २००९ साली मान्यता दिली. आणि भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचं ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे सूत्र तर १९३१ पासूनचं, आपल्या प्रत्येक प्रशिक्षण वर्गात पाठ करून घेतलं जाणारं. त्यात वाचकाची मातृभाषा कोणती हे विचारलेलं नाही.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनातला प्रश्न. मराठी ग्रंथालयांनाच पैसा पुरत नाही, मराठीचेच वाचक घटताहेत, तिथं इतर भाषांवर खर्च का? हा प्रश्न आम्हाला परका नाही. आमचंही सगळं आयुष्य मराठी पुस्तकांत गेलं आहे. पण इथं येऊन राहिलेल्या माणसानं मराठी शिकावी असं आपल्याला वाटत असेल, तर तो शिकणार कुठं? कामावर त्याला हिंदीत हाका मारतात. शाळेचं वय गेलेलं असतं. गावात मराठी शांतपणे, न हिणवता, फुकट शिकवू शकेल अशी जागा ग्रंथालयाइतकी चांगली दुसरी नाही, आणि तिथं तो पहिल्यांदा येतो तो स्वतःच्या भाषेतल्या वर्तमानपत्रासाठी. रोजचं एक हिंदी किंवा उर्दू वर्तमानपत्र पाच रुपयांना धरलं तरी वर्षाला अठराशेच्या आसपास पडतं. ओडिया किंवा बांगला दैनिक आपल्या गावी विक्रेत्याकडे येत नाही, टपालानं आलं तर शिळं होतं. तिथं पाक्षिक मागवावं, किंवा ग्रंथालयाच्या संगणकावर त्या दैनिकाची ई-आवृत्ती रोज उघडून ठेवावी.

त्याला आत आणल्यावर मराठीचा वर्ग घ्या. आठवड्यातून एक तास, बारा आठवडे. व्याकरणापासून सुरुवात नको. दवाखान्याचा केसपेपर, एसटीच्या पाट्या, रेशनचा अर्ज, बँकेची स्लिप, मुलाच्या शाळेतून आलेली सूचना, हीच पाठ्यपुस्तकं. हिंदी येणाऱ्याला लिपी आयती असते, त्यामुळे त्याला सगळं समजतंय असा दोघांचाही समज होतो आणि तिथंच घोटाळा होतो. त्याची ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपली म्हणजे दंड. त्याची ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. त्याच्या ‘यातायात’मध्ये रहदारी असते, आपल्या यातायातीत दमछाक. दीड, अडीच आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीससारखे आकडे मोठ्यानं म्हणून घ्यावेत, कारण मजुरीचा हिशोब याच आकड्यांत होतो. तेलुगू, तमिळ किंवा उर्दू वाचणाऱ्याला मराठी अंकही नवे असतात, त्यांच्यासाठी पहिला तास १ ते ० एवढाच ठेवावा.

मुलांसाठी एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी शेजारी ठेवा. मूल मराठी प्रत वाचतं, आई तेलुगू. दोघं घरी एकाच गोष्टीबद्दल बोलतात. बांधकामाच्या जागेवर पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर तिथं पाळणाघर असणं १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानं बंधनकारक केलं होतं. जिथं असं पाळणाघर आहे तिथपर्यंत बालपुस्तकांची एक पेटी जाऊ शकते. ती न्यायला सायकल पुरते.

आमच्या मागण्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा आहे. त्याखालच्या नियमांत आणि वार्षिक अहवालाच्या नमुन्यात भाषावार संग्रह आणि भाषावार देवघेव यांचे रकाने घाला आणि ‘इतर भाषा’ हा रकाना काढा. शासनमान्य ग्रंथांच्या यादीत राज्यात वाचल्या जाणाऱ्या सर्व प्रमुख भाषांची पुस्तकं, विशेषतः बालपुस्तकं, त्या त्या भाषेच्या जाणकारांकडून निवडून घ्या. जिल्हा पातळीवर फिरत्या पेट्यांसाठी ग्रंथालयांच्या नेहमीच्या अनुदानाला हात न लावता वेगळी तरतूद करा. सुरुवातीला प्रत्येक महसूल विभागात एका जिल्ह्यानं दोन भाषांच्या साखळ्या चालवल्या तरी चालेल. हंगामी सभासदत्वाला नियमात जागा द्या आणि शंभरामागे दहा पुस्तकांपर्यंतची गळती ग्रंथपालाकडून वसूल होणार नाही असं लेखी कळवा. भाषा जाणणाऱ्यांच्या मानधनाचा खर्च अनुदानात मान्य खर्च म्हणून धरा. सभासदांच्या नोंदी गोपनीय राहतील असं परिपत्रक काढा.

कार्यकारी मंडळांकडे आमचं मागणं याहून साधं आहे. फलक, साप्ताहिक सुट्टीचा दिवस, उघडं कपाट आणि एक वर्तमानपत्र यांसाठी कुणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या मासिक बैठकीत ठराव होऊ शकतो.

आणि या वर्षीची बाद पुस्तकांची यादी अजून मंजूर झाली नसेल, तर तिच्यातली मराठीखेरीज अन्य भाषांची पुस्तकं रद्दीवाल्याला देऊ नका. फाटलेली वेगळी काढा. उरलेली कोरड्या जागी उभी लावून ठेवा आणि ती लिपी वाचणाऱ्या एकाला बोलावून एकदा दाखवा. शेऱ्याचा रकाना तोवर कोरा सोडतो आहोत.

आपले,
देवघेवीच्या टेबलावरचे काही ग्रंथपाल, सहायक आणि लिपिक